पापण्यांची सुरय

दुकानांना आता डोकी नको होती, आणि टकळीच्या घरातलं सगळं संकट तिथूनच सुरू झालं होतं.

तिचे बाबा कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवायचे. साचा, फायबर, भेगा बुजवायची लांबी, पॉलिशपेपर, रंग, सगळं स्वतःच्या हाताने. पण त्यांची खरी ख्याती चेहऱ्यांची. त्यांच्या पुतळ्याने काचेआडून बघितलं की रस्त्यावरच्या माणसाला उगाचच आपली कॉलर नीट करावीशी वाटे. आणि आता काय, तर नवी फॅशन! बिनडोक्याचे पुतळे! मान संपली की पुतळा संपला. "चेहरा असला की गिऱ्हाईक कपडा सोडून चेहराच बघत बसतं," असं एक दुकानदार म्हणाला. वर्कशॉपच्या फळीवर न खपलेली डोकी ओळीने बसून राहिली. आत्या रोज त्यांच्यावरची धूळ पुसायची आणि म्हणायची, "बायांनो, धीर धरा. दिवस फिरतात."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पुतळ्यांचे टोप आणि पापण्या हे तिचं खातं. आणि टकळी? टकळीचं खातं म्हणजे शाळेतून आल्यावर सगळ्यांच्या कामात नाक खुपसणं. गंमत म्हणजे गेल्या वर्षापर्यंत तिला घरात 'मुकी मैना' म्हणायचे. वर्गात ती इतकी गप्प असायची की हजेरी घेताना बाई तिच्याकडे बघूनही "आली नाही का ती?" असं विचारायच्या. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ऐन वेळी कोणीतरी आजारी पडलं, हिला ढकलून पुढे उभं केलं, आणि हिने पहिलं बक्षीसच मारलं! "बाटलीचं झाकण उडालं ते उडालंच," आत्या म्हणायची. "आता सापडत नाही." तेव्हापासून ती टकळी.

तर, बिनडोक्यांच्या त्या वाईट दिवसांत एक बाई वर्कशॉपमध्ये आल्या. समुद्राकाठच्या पाणथळ उद्यानात त्या पक्ष्यांच्या अधिकारी होत्या. बुटांना चिखल, गळ्यात दुर्बीण आणि नाक उन्हाने सोललेलं. टकळीने त्यांना तिथल्या तिथे 'पक्षीताई' करून टाकलं. पक्षीताई फळीवरच्या डोक्यांकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे डोळे तुम्ही रंगवले? मग मला तुम्हीच हवे आहात. पण माणसं नकोत. पक्षी."

भानगड अशी होती. सुरय नावाचे पांढरेशुभ्र समुद्रपक्षी घरटं बांधतच नाहीत, सरळ उघड्या वाळूवर अंडी घालतात. आणि उद्यानाच्या ज्या किनाऱ्यावर ते घालायचे, तिथेच आता माणसांची झुंबड. अंडी पायाखाली जायची. खाडीच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं, अगदी सुरक्षित, पण तिकडे ते फिरकत नव्हते.

"रिकाम्या हॉटेलात शिरायला आपल्याला कसं नको वाटतं, तसंच आहे त्यांचं," पक्षीताई म्हणाल्या. "आधी चार जण बसलेले दिसायला हवेत. ते चार जण तुम्ही बनवा."

बाबांनी ते काम कसं केलं हे टकळीच्या डोळ्यांसमोर आहे. माणूस महिनोन्‌महिने उपाशी असावा आणि त्याच्यापुढे भरलं ताट यावं, तसं. लाल टोकदार चोच, डोक्यावर काळी टोपी, मागे कात्रीसारखी दुभंगलेली लांब शेपटी. डोळ्यातला ओला ठिपका तर असा की पक्षी आता उडणार म्हणून टकळी दचकायची. खाली लोखंडी कांब, आणि कांबेवर पक्षी बसवायला बाबांनी पुतळ्याच्या मनगटाचाच सांधा वापरला. आत घालायचा, वळसा द्यायचा, टक् आवाज आला की पक्का.

"यांना पापण्या नकोत?" आत्याने विचारलं होतं.

"आत्या! पक्ष्यांना कुठल्या गं अशा पापण्या?"

"म्हणूनच बिचारे चेहऱ्याने फिके दिसतात," आत्या म्हणाली. आणि बाबांची पाठ वळल्यावर तिने एका सुरयला दोन बारीक पापण्या चिकटवल्याच. "घराण्याची खूण. कुणाला सांगितलंस तर बघ." टकळीने सांगितलं नाही. जगात तिने पोटात ठेवलेली ती एकमेव गोष्ट.

थंडीच्या दिवसांत बाबा स्वतः जाऊन पक्षी बेटावर मांडून आले. आता अंडी घालायचे दिवस आले होते आणि पक्षीताईंचा फोन आला. आवाज पडलेला. "दादा, सुरय येतात, बेटावर घिरट्या घालतात, आणि निघून जातात. एकही उतरत नाही. उद्या आमचे वरचे साहेब येणार आहेत. बेट रिकामं दिसलं तर पुतळे उचलायला लावतील. तुम्ही आज येऊन एकदा बघता का?"

बाबा "येतो" म्हणाले, फोन ठेवला आणि म्हणाले, "टबवाल्यांना सोमवारी होकार कळवून टाकतो."

टबवाले म्हणजे शहराबाहेरचा न्हाणीघरातले टब बनवणारा कारखाना. त्यांना फायबरचा जाणकार माणूस हवा होता. बाबा इतके दिवस टाळत होते. बिनडोक्याच्या पुतळ्याला निदान खांदे तरी असतात. टबाला काय असतं? भोक!

आईची दवाखान्यात दिवसपाळी होती, म्हणून तिघंच निघाली. आत्याच्या मांडीवर डबा. डब्यात उकडलेली अंडी.

"आत्या, पक्ष्यांच्या घरी पाहुणी चालली आहेस आणि डब्यात अंडी?"

"कोंबडीची आहेत. ओळख ना पाळख, त्यांना काय वाईट वाटायचंय?"

पण उद्यानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि टकळीची बोलतीच बंद झाली. खरंच! आत्याने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

कारण समोर जे होतं त्याला 'सुंदर' म्हणणं म्हणजे समुद्राला 'ओला' म्हणण्यासारखं होतं. खारफुटीच्या जंगलातून फळ्यांची एक वाट निघाली होती, चिखलाच्या वरून, पाण्याच्या वरून. दोन्ही बाजूंची झाडं आपल्या मुळांवर अशी उभी, जणू साडीचा काठ भिजू नये म्हणून ती उचलून धरली आहे. खाली चिखल म्हणजे नुसता चिखल नव्हता, ते भरबाजाराचं गाव होतं! एवढे एवढे खेकडे, प्रत्येकाचा एक पंजा इवलासा आणि दुसरा स्वतःपेक्षा मोठा, आणि तो मोठा पंजा हलवत सगळे जण एकमेकांना "ये, ये, बघतोच तुला" म्हणत होते. चिखलातून उड्या मारत चालणारे निवटे मासे होते. मासा, आणि चालतो! पाण्यापेक्षा जमिनीवर जास्त खूश! वळणावर एक पाणमांजर पाठीवर पडून, पोटावर मासा ठेवून, आरामात कुरतडत होतं. त्याने या तिघांकडे बघितलं आणि चावणं थांबवलंसुद्धा नाही.

"याला म्हणतात सुट्टी," आत्या हळूच म्हणाली.

पुढे झाडं सरली आणि उथळ पाण्याचं भलंमोठं मैदान उघडलं. त्यात चमचे बगळे रांगेने चोच डावीकडे-उजवीकडे फिरवत चालले होते, फरशी पुसणाऱ्या माणसांसारखे, एकाच तालात. पाणकोळी आकाशातून इतक्या जड अंगाने उतरले की आता आपटणार असं वाटलं, पण शेवटच्या क्षणी पाय पुढे करून पाण्यावरून घसरत गेले, अगदी अलगद. टकळीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिने बाबांकडे बघितलं. बाबाही बघत होते. पण त्यांचे डोळे पक्ष्यांच्या पायांवर, मानांवर, सांध्यांवर होते.

"मान बघ त्याची," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "एवढा बाक मला साच्यात कधी आला नसता."

घरून निघाल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. त्यात कौतुक होतं, पण हरलेल्या माणसाचं.

पक्षीताई लाकडी मचाणावर वाट बघत होत्या. मचाणाच्या खिडकीतून बेट समोरच दिसायचं. दुर्बिणीला डोळा लावल्याबरोबर टकळीला घरचे पक्षी भेटले. वाळूवर हातभर अंतराने मांडलेले, देखणे, सगळेच्या सगळे थेट मचाणाकडे बघणारे. उन्हात चोची चमकत होत्या.

"मी रोज इथे येऊन बसते," पक्षीताई म्हणाल्या. "आणि दादा, रोज वाटतं की आत्ता उडतील. पर्यटकही विचारतात, हे कुठले पक्षी, किती माणसाळलेले आहेत! माणसं फसतात. पक्षी काही फसत नाहीत."

"म्हणजे कामात खोट आहे," बाबा म्हणाले.

"नाही हो, तसं नाही—"

"पक्षी उतरत नाही म्हणजे खोट आहे. ताई, उद्या तुमच्या साहेबांनी उचलायच्या आधी मीच उचलून नेतो. माझ्या हातची वस्तू दुसऱ्याने उपटलेली मला बघवणार नाही."

पक्षीताई होडीची किल्ली आणायला गेल्या. बाबा मचाणाच्या पायरीवर बसले. आत्याने टकळीच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल, तोवर समुद्र बघून येऊ. इथे बसून तो काही जवळ यायचा नाही."

मचाणामागची वाट थेट किनाऱ्यावर उघडत होती. आणि किनारा काय होता! पांढरी वाळू, हिरवं पाणी, लाटा येऊन वाळूवर पातळ आरसा पसरायच्या आणि तो आरसा परत ओढून न्यायच्या. माणसांची गर्दी एका टोकाला होती. दुसऱ्या टोकाला दोरी बांधून राखलेली जागा, आणि त्या दोरीपलीकडे बसलेले खरे सुरय. जिवंत, गजबजलेले, भांडणारे.

टकळीने फोन काढला. चेहरे टिपू या, बाबांना दाखवू या, कुठे खोट राहिली ते कळेल तरी. पण छे! सगळ्यांच्या शेपट्याच तिच्याकडे. ती वाकली, उकिडवी बसली, दोरीच्या कडेने सरकली. शेपट्याच.

"काय गं हे, सगळ्यांनी पाठ फिरवली आहे! वर्गात बाई नसल्यासारखे बसलेत."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि तिचे सगळे केस तोंडावर. डोळ्यांत केस, तोंडात केस. ती थू थू करायला लागली.

"अगं येडे, तोंड वाऱ्याकडे कर," आत्या म्हणाली. "केस आपोआप मागे जातात. टोप घालणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एकदाच वाऱ्याला पाठ दाखवतो, टोप गटारात जातो, आणि जन्माचा शहाणा होतो."

टकळी समुद्राकडे वळली. केस सुळकन मागे गेले. आणि तिला दिसलं की ती आता नेमकी त्या पक्ष्यांसारखी उभी आहे. एक सुरय मधूनच शेजारणीशी भांडायला वळली, तर वाऱ्याने तिची पिसं उलट्या छत्रीसारखी फुलली. ती घाईघाईने परत फिरली, अंग झाडलं, पिसं बसवली.

टकळी तशीच उभी राहिली. मग किंचाळली.

"आत्या! आपले पक्षी!"

आणि धावत सुटली. वाळूत चपला निघाल्या, त्या तिथेच राहिल्या. आत्या मागून ओरडली, "अगं चपला! नव्या आहेत!" पण आता चपलांचं कोणाला पडलंय!

"बाबा! तुमचे पक्षी उलटे बसलेत!"

बाबांनी डोकं वर केलं. "उलटे?"

"वारा समुद्राकडून येतोय ना? खरे पक्षी सगळे समुद्राकडे तोंड करून आहेत. तुमच्यांनी वाऱ्याला शेपूट दाखवली आहे. सगळ्यांनी! वाऱ्याला पाठ करून कोणी बसत नाही बाबा, पिसं विस्कटतात. आणि तुमची तर विस्कटतच नाहीत! वरून बघणाऱ्याला किती भुताटकी वाटत असेल!"

"पण मग मचाणाकडे पाठ होईल," बाबा म्हणाले.

"होऊ दे की!"

"गिऱ्हाइकाकडे पाठ?" बाबा खरंच दुखावले. "आख्ख्या आयुष्यात मी एक पुतळा काचेकडे पाठ करून ठेवला नाही."

"बाबा, ते पर्यटक गिऱ्हाईक नाहीत! गिऱ्हाईक वर आहे!" तिने आभाळाकडे बोट केलं.

वर दोन सुरय बेटावरून एक गिरकी घेऊन निघून जात होते.

बाबा बघत राहिले. किल्ली घेऊन आलेल्या पक्षीताई मागे उभ्या होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला. चांगला फटकन.

"आपण मांडले तेव्हा थंडी होती! तेव्हाचा वारा जमिनीकडून यायचा, इकडूनच. म्हणून ते मला बरोबरच वाटले. मग ऋतू फिरला, वारा फिरला. खरे पक्षी फिरतात हो, हे कसे फिरणार? आणि मी बावळट रोज दुर्बीण लावून डोळे बघत बसले! दादा, डोळे इतके सुरेख केलेत ना, की बाकीचं काही दिसलंच नाही मला."

"चला, फिरवून येऊ," आत्या चपला हातात घेऊन धापा टाकत पोचली होती.

"आणि संध्याकाळी परत वारा फिरला तर?" पक्षीताई म्हणाल्या. "रोज जाऊन फिरवता यायचे नाहीत. पक्षी उतरायला लागले की बेटावर पाऊल टाकायचं नाही, नियमच आहे."

टकळीच्या डोक्यात एक आवाज वाजत होता. टक्.

"बाबा, सांधा सैल ठेवला तर?"

हे वाक्य त्या घरात म्हणजे शिवीच होती. आजोबांच्या काळात एका पुतळ्याचा सैल हात गर्रकन फिरून एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली बसला होता. तेव्हापासून घराण्याचा कायदा एकच: सांधा सैल सोडायचा नाही. मरेपर्यंत नाही.

"पूर्ण काढायचा नाही," ती एका दमात बोलत सुटली, "टक्-च्या थोडा अलीकडे. पडणारही नाही आणि अडकणारही नाही. मागे शेपटी लांब आहे ना, वारा तीच ढकलेल. म्हणजे चोच आपोआप वाऱ्याकडे! वारा फिरला की हे फिरणार!"

बाबांनी हवेत एक अदृश्य मनगट धरलं आणि सावकाश मागे फिरवलं. त्यांचे ओठ हलत होते. टकळीला माहीत होतं, बाबा असे पुटपुटायला लागले की काम सुरू झालेलं असतं.

"तेल आहे का तुमच्याकडे?" त्यांनी पक्षीताईंना विचारलं. "मशीनचं. थोडंसं."

बेटावर पोचेपर्यंत वारा पडला होता आणि उन्हाने वाळू भाजत होती. बाबा गुडघ्यावर चालत एकेका पक्ष्यापाशी जायचे, एका हाताने कांब धरायचे, दुसऱ्याने पक्षी किंचित मागे वळवायचे, तेलाचा थेंब सोडायचे. टकळी मागून बोटाने हलवून बघायची. सगळं आटपलं तरी पक्षी मचाणाकडेच बघत उभे. बाबा उठले, गुडघे झाडले.

मग खाडीच्या तोंडाशी पाणी काळं झालं, सुरकुतलं, ती सुरकुती धावत बेटाकडे आली आणि वारा पोचला.

आधी कडेचा एक हलला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळेच, सावकाश, आपापल्या मनाने वळल्यासारखे. कोणी आधी, कोणी मागून, एक जण तर थोडा जास्तच वळून परत आला. आणि सगळ्या लाल चोची समुद्राकडे लागल्या. तरी ते थांबले नाहीत. वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर थोडे इकडे, थोडे तिकडे, जिवंत जमाव हलतो तसे हलत राहिले.

बाबांनी तोंडावर हात ठेवला. हे डोळे त्यांनी केले होते, या माना त्यांनी केल्या होत्या. पण हलताना ते त्यांना पहिल्यांदा दिसत होते.

"अगं आई," आत्या म्हणाली. "उठले की गं हे."

मचाणावर परतल्यावर वाट बघणं सुरू झालं. अंडी खाऊन झाली. पक्षीताईंनीही एक खाल्लं आणि "बाहेर सांगू नका" म्हणाल्या. दुर्बीण टकळीच्या हातात होती आणि ती कोणाला देत नव्हती. सुरय आले, घिरट्या घातल्या, गेले. परत आले. खाली आले, अजून खाली... आणि गेले. बाबांनी दर वेळी श्वास धरला आणि दर वेळी हळूच सोडला.

"साहेबांना मी सांगून बघते," पक्षीताई म्हणाल्या. "आठवडाभर मुदत—"

"श्श!" टकळी म्हणाली. टकळी! आयुष्यात तिने दुसऱ्याला गप्प करण्याची ही पहिलीच वेळ.

एक सुरय सरळ समुद्रावरून आली होती. चोचीत चांदीसारखा एक मासा. ती बेटावर तरंगली, पंख थरथरवत जागच्या जागी थांबली, आणि उतरली. वाळूवर. पुतळ्यांच्या मधोमध.

"उतरली! बाबा, उतरली!"

"नर आहे," पक्षीताई कुजबुजल्या. "मासा घेऊन येतात ते. मागणी घालायला. तिने मासा घेतला म्हणजे होकार."

"कुणाला मागणी? तिथे तर सगळे आपलेच—" टकळी थांबली.

नर मान ताठ करून, पंख जरा खाली सोडून, ऐटीत एका फायबरच्या सुरयपुढे फेऱ्या मारत होता. मासा तिच्या चोचीपाशी धरला. वाऱ्याने ती किंचित दुसरीकडे वळली. तो लगबगीने तिच्या समोर जाऊन उभा राहिला. पुन्हा मासा पुढे. वारा परतला, ती त्याच्याकडे वळली. त्याचा आनंद काय वर्णावा!

टकळीने दुर्बीण नीट केली. आणि इतकी हसली, इतकी हसली की मचाणाच्या फळ्या हलल्या.

"आत्या, बघ. बघच तू."

आत्याने डोळा लावला. मग दुर्बिणीवरून मान वर काढून तिने आपल्या धाकट्या भावाकडे असं बघितलं, की ते बघणं वर्कशॉपच्या भिंतीवर टांगून ठेवावं.

"एवढ्यांत त्याला कोण आवडली, विचार."

"कोण?" बाबा म्हणाले.

"पापण्यावाली."

"कुठली पापण्यावाली? पक्ष्यांना पापण्या—" बाबांनी दुर्बीण ओढून घेतली. बघितलं. "अक्का! हे तू कधी केलंस?"

"तू चोची रंगवत होतास तेव्हा. चेहऱ्याला चेहरेपणा लागतो, हे तुला मी सांगायला हवं?"

बाबा काही बोलणार होते, पण तेवढ्यात आणखी एक सुरय उतरली. ही खरीखुरी मादी होती. तिने इकडेतिकडे बघितलं, दोन पुतळ्यांच्या मधली जागा निवडली, छाती वाळूला टेकवली आणि पायांनी मागे वाळू उडवत खळगा करायला लागली. मग अजून दोन उतरल्या. मग वरून आवाजच आवाज. पक्षीताई एकाच वेळी हसत होत्या, नाक पुसत होत्या आणि फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "नाही साहेब, आता कोणीच काही उचलणार नाही. उद्या तुम्हीसुद्धा मचाणावरूनच बघायचं!"

पहिला नर अजून हट्टाने उभा होता. ती मासा घेत नाही म्हणून त्याने तो पापण्यावालीच्या पायाशी ठेवला, आणि रुसून पाठ फिरवून बसला. अर्थात वाऱ्याकडे तोंड करून.

बाबा दुर्बिणीला चिकटले होते ते हलेनात. टकळीने त्यांचा शर्ट ओढला.

"बाबा, मग सोमवारी?"

"काय सोमवारी?"

"टब."

"कसले टब?" बाबा म्हणाले, डोळा न काढता. मग पक्षीताईंना हाक मारली. "ताई, अहो ताई! यांची पिल्लं पहिल्या दिवशी कशी दिसतात? म्हणजे डोळे उघडे असतात की मिटलेले?"

"उघडे," पक्षीताई म्हणाल्या. "टक्क उघडे."

"हां," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या हाताची बोटं आपोआप हवेत एक इवलंसं डोकं घडवायला लागली.